पानवालीचं घर

“तोंडावर जाऊ नका, पोटात बघा,” असं म्हणत बाई हातातल्या फुलाचा देठाकडचा भाग अंगठ्याच्या नखाने उभा चिरायच्या. चिरला की गळ्यातलं भिंग डोळ्याला लावायच्या. ते भिंग काळ्या गोफात ओवलेलं असे. आमच्या चाळीतल्या बायकांनी पहिल्यांदा बघितलं तेव्हा त्या आपसात कुजबुजल्या, हे कसलं मंगळसूत्र.

फूल कुणाचं, कशासाठी आणलंय, हे बाई बघत नसत. कॉलेजात सत्यनारायण होता. तबकातली जास्वंद त्यांनी उचलली तसे भटजी कळवळले, “बाई, देवाचं आहे ते.”

“देवालाच देते हो परत. पोट बघून.”

लग्नाच्या हॉलच्या दारात हातात दिलेला गुलाब स्टेजवर पोचेपर्यंत फाकून झालेला असायचा. दादरच्या फुलबाजारात माझ्याबरोबर आल्या की एक फुलवाला लांबून ओरडायचा, “डॉक्टरीण आली रे, टोपल्या झाका.” बाई हसायच्या आणि त्याच्याच टोपलीत हात घालायच्या.

तुम्हीही बघितली असतील अशी माणसं, एकाच गोष्टीत सगळीच्या सगळी अडकलेली. आपण त्यांना हसतो. हसावं. पण ती गेल्यावर आपल्याच बोटांना त्यांची सवय लागलेली असते, त्याचं काय करायचं?

मी दुसरी नापास. त्याची लाज मला तेव्हा नव्हती, आता तर नाहीच. गिरणीत मी कापडाचे साचे, म्हणजे माग, चालवायचो आणि माझ्या साच्यावरचं कापड कुणी कधी परत पाठवलं नाही. मग संप झाला. पहिली दिवाळी गेली, घरातली भांडी जाऊ लागली, काळाचौकीच्या आमच्या चाळीतल्या खोल्यांना एकेक करून कुलपं लागली. माणसं गावाला गेली. मी गेलो नाही. ओळखीच्या एकाने परळच्या एका कॉलेजात बागेच्या कामाला लावलं. तिथे बाई झाडांचं शास्त्र शिकवायच्या.

पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, “तुम्ही नवे माळी का?”

“माळी नाही. साचेवाला. संप मिटला की जाणार.”

“बरं. तोवर पाणी घालाल ना?”

मी घालतो म्हणालो. संप मिटल्याचं मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

बाई गिरगावच्या एका वाडीत राहायच्या, चर्नी रोडला गाडी धरून यायच्या. अंगकाठी बारीक, साडी सुती, पदर कायम खोचलेला. मला ‘मामा’ म्हणायच्या. कॉलेजच्या मागच्या भिंतीकडे त्यांचे वाफे होते, आणि वाफ्यांत काय, तर तेरडा. मी कोकणातला, देवगडकडचा. आमच्याकडे पाऊस पडला की तेरडा दगडी गडग्यावरसुद्धा उगवतो. त्याला कुणी पाणी घालत नाही, पगार तर नाहीच नाही. मी तसं बोललोही.

बाईंनी एक झाड दाखवलं. “हे कसं आहे?”

झाड झकास होतं. गुलाबी फुलं दाटलेली. “बरं आहे की.”

“तोंडावर जाऊ नका, मामा.”

त्यांनी त्याचं हिरवं बोंड चिरलं आणि भिंग माझ्या डोळ्याशी धरलं. तेरड्याच्या बोंडात बिया असतात हे पोरालाही ठाऊक. नुसता हात लावला की बोंड फुटतं आणि बिया उडतात. पण या बोंडात बी नव्हतं. बियांच्या जागी इवली इवली पानं होती, मुडपलेली, हिरवी, एकाला एक चिकटून बसलेली.

“वांझ आहे,” मी म्हणालो.

बाईंचा चेहरा बदलला. रागावलेल्या मी त्यांना फार वेळा बघितलेलं नाही. “तो शब्द इथे नाही वापरायचा. हिचं नाव पानवाली.”

मग त्यांनी मला समजावलं ते मी माझ्या समजुतीने सांगतो. बी होण्याच्या आधी फुलाच्या पोटात एक बारीक गाठ असते. तिला बीजांड म्हणतात. आधी नुसता उंचवटा येतो, मग त्यावर पांघरूण चढतं, आत पुढची तयारी होते, आणि पराग पोचला की त्याचं बी होतं. हे आपोआप होत नाही. झाडाच्या आत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले हुकूम असतात. आता उंचवटा हो, आता पांघरूण चढव. पानवालीत त्यातला एक हुकूम कुठेतरी मोडलेला होता. तो कुठला, आणि बीजांडाची वाट नेमकी कुठे चुकते, हे बाईंना शोधायचं होतं.

“म्हणजे जॉबर नाही आला,” मी म्हणालो. “हुकूम सोडणारा मुकादम नसला की खातं बंद.”

“बंद नाही पडत, तीच तर गंमत आहे. शिवाय जॉबर एक नाही, तीन-चार जण मिळून सांगतात. त्यातला एक गप्प बसला की ही गाठ मरत नाही हो मामा. तिला बीजांड हो असं कुणी सांगितलंच नाही, म्हणून ती झाडाला जे सगळ्यात जुनं येतं ते करते. पान होते.”

आमच्या खात्यातला एक जण तेव्हा लालबागला भाजी विकत होता, एक वॉचमन झाला होता, आणि मी तेरड्याला पाणी घालत होतो. बाईंच्या मनात तसलं काही नव्हतं. त्या झाडाबद्दलच बोलत होत्या.

आता अडचण अशी की पानवालीला बी नाही. मग पुढच्या पावसाळ्यात पानवाली आणायची कुठून? तर तिच्या भावंडांकडून. एकाच बोंडातून आलेली झाडं, दिसायला धडधाकट, बी धरणारी. पण त्यांतल्या पुष्कळांच्या पोटात तो मोडका हुकूम झाकलेला असतो. अशा भावंडाचं बी पेरलं की त्यात चाराला एक पानवाली निघते. कुठल्या भावंडाच्या पोटात काय आहे ते वरून कळत नाही. पेरल्यावरच कळतं.

“हे घर बुडता कामा नये,” बाई म्हणायच्या. “पानवाली एकदाच सापडली. परत नाही सापडायची.”

भावंडांना खूण म्हणून लाल दोरा बांधायचा असं मी सुचवलं. माझ्या घरात गिरणीतलं रंगीत सूत पडलेलं होतं. फुलांवर माशी बसून दुसऱ्या झाडाचा पराग येऊ नये म्हणून मलमलीच्या पिशव्याही मीच शिवल्या. दोऱ्याला मी साच्यावरची गाठ मारायचो. ती सुटत नाही आणि देठाला काचतही नाही. बाई ती गाठ शिकायचा प्रयत्न करायच्या, जमायची नाही. मला बरं वाटायचं. त्यांना एवढं सगळं येत होतं, एखादी गोष्ट न आलेली बरी.

एका वर्षी बाईंनी बेत केला की यंदा मोठा पेरा करायचा. हुकूम एकच मोडलाय की दोन, हे ठरवायला पुष्कळ झाडं लागतात म्हणे. शिवाय कळी अगदी टाचणीच्या डोक्याएवढी असल्यापासून रोज कापून बघायची होती. कपाटातलं होतं नव्हतं ते सगळं बी त्यांनी जमिनीत घातलं. पाऊस चांगला झाला. वाफे असे भरले की कॉलेजातली मोठी माणसं खिडकीतून बघायची. मी घरी सांगायचो, तेरडा असा आलाय की गावातसुद्धा बघितला नाही. सांगायचो ते खरं. त्यात गैर काय?

गणपतीत कॉलेज बंद. मी मंडळाच्या मांडवात होतो. गौरी यायच्या दिवशी दुपारी जेवायला खोलीवर आलो तर गौर बसलेली. आमच्याकडे मुखवट्याची गौर नसते, तेरड्याची असते. मुळासकट रोपं आणायची, जुडी बांधायची, साडी नेसवायची. बायकोने तिची लग्नातली साडी नेसवली होती. हळदकुंकू वाहिलेलं. आणि साडीच्या वर, पानांत, लाल दोरा.

मी शेजारच्या खोलीत डोकावलो. तिथेही लाल दोरा. पलीकडे तसंच. चाळीच्या आमच्या मजल्यावर जेवढ्या गौरी होत्या तेवढ्या बाईंच्या वाफ्यातल्या.

“खंयसून हाडलास?” मी विचारलं.

“कॉलेजातसून,” बायको म्हणाली. “तुमीच सांगलास मा, तेरडो बरो इलो म्हणान. यंदा बाजारातलो कोणाक परवडता? वॉचमनाक इचारलंव. तो म्हणालो, गवरीक मी नाय कसो म्हणू?”

वॉचमनही आमच्यातलाच, संपातला. त्याचं काय चुकलं?

“आणि ह्यो दोरो? ह्यो दिसलो नाय?”

“दिसलो. कोणीतरी गवरीसाठीच बांधल्यान, असा वाटला. म्हणान सोडूक नाय.”

मी तडक गिरगावला गेलो. बाई वाडीतल्या गॅलरीत उभ्या होत्या. मी सांगितलं. त्या चप्पल घालून माझ्याबरोबर निघाल्या. बसमध्ये एकदाच म्हणाल्या, “मुळासकट?”

“मुळासकट.”

चाळीत आल्यावर मी म्हणालो, “बाई, तुम्ही इथे थांबा. मी एकेक जुडी उपटून आणतो. बघू कोण अडवतं.” मी ते केलंही असतं. चाळीशी वाकडं घ्यायला मी भीत नव्हतो.

बाई म्हणाल्या, “मामा, बसलेली गौर कुणी उठवतं का?”

मला वाटायचं, एवढी शिकलेली बाई, सगळ्या देवांची फुलं चिरते, तिला कसली गौर आणि कसलं काय. पण गिरगावच्या वाडीत वाढलेली बाई ती. त्या खोली खोली फिरल्या. प्रत्येक दारात चप्पल काढली, प्रत्येक गौरीला हात जोडले. बायकांनी त्यांना हळदकुंकू लावलं, ओटी भरली. शेवटी शेवटी नारळ आणि तांदूळ त्यांच्या पदरात मावेनात. हे सगळं होत असताना त्यांची नजर पानांमधल्या बोंडांवर. भिंग गळ्यात लोंबतंय आणि ते त्या हातातही घेत नाहीत.

आमच्या खोलीत त्या पाटासमोर बसल्या. काही बोंडं पिकत आलेली होती. त्यांनी बायकोला विचारलं, “मामी, मी हात नाही लावत. पण बोंडं आपणहून फुटून बी पाटावर पडलं, तर माझ्यासाठी ठेवाल? त्या लाल दोऱ्याबरोबर?”

“ठेवतंय मा,” बायको म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. तिला आता उमगलं होतं. “बाये, माका काय ठावक हुता?”

“तुम्हाला कसं ठाऊक असणार? गौर छान दिसतेय.”

बाईंनी तेच प्रत्येक खोलीत जाऊन सांगितलं आणि प्रत्येक खोलीतली बाई हो म्हणाली. मनापासून म्हणाली. पण विसर्जनाच्या दिवशी जे व्हायचं ते झालं. गौरीच्या पाटावर पडलेली वस्तू घरात ठेवायची नसते, ती पाण्याला द्यायची, ही त्यांच्या हाताची सवय. दादरच्या चौपाटीवर पाट झटकले गेले. बी समुद्रात गेलं. नंतर एकेकीला आठवलं आणि ती तोंडावर हात घेऊन बसली. आमच्या बायकोने ठेवलं होतं, आणि टोकाच्या खोलीतल्या एका म्हातारीने. शेजारची वहिनी विसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी खोलीला कुलूप लावून पोरांना घेऊन कायमची गावाला गेली. पुढे तिचा नवरा सामान न्यायला आला, त्याला मी बियांचं विचारलं. तो म्हणाला, “तिनापण समुद्राक दिल्यान आसतला. बायकांचा तसाच.”

कॉलेज उघडलं तेव्हा वाफ्यांत एक रोप उरलेलं नव्हतं. मी वॉचमनवर तोंड टाकत होतो. बाईंनी मला बाजूला घेतलं.

“कुणाला बोलू नका. चूक माझी आहे. सगळं बी एका वर्षी जमिनीत घालायचं नसतं. हे कोकणातल्या कुठल्याही बाईला कळतं. मलाच कळलं नाही.”

पुढच्या पावसाळ्यात बायकोने आणि म्हातारीने ठेवलेलं दोन पुड्यांतलं बी पेरलं. प्रत्येक झाडाचं बोंड चिरलं. बी. दुसरं, बी. तिसरं, बी. जगात कुणाच्याही वाफ्यात बी धरलं तर माणूस खूश होतो. आमच्याकडे मी “बी आहे” म्हणालो की बाई “बरं” म्हणायच्या आणि पुढच्या झाडाकडे जायच्या. एकही पानवाली निघाली नाही. ज्या दोन भावंडांचं ते बी, त्यांच्या पोटात तो मोडका हुकूम नव्हताच, दोन्ही निरोगी निघाली. आपल्या नशिबात एवढं आरोग्य.

मी म्हणालो, “आता पुरे करा.”

“घाई कुणाला आहे, मामा? पेरत राहू. कुठे दडून बसली असेल.”

ती तशी बसलेली असू शकत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. तरी पेरायच्या. मुंबईत कुठेही तेरडा दिसला की बी आणायच्या. वर्षं अशी गेली. आमच्या गिरणीची चिमणी पाडली त्या सुमाराला एक दिवस बाई धावत वाफ्याकडे आल्या. हातात छापील कागद. “मामा, हुकूम सापडला. परदेशात. एका टीचभर रानझाडात. तो हुकूम मोडला की बीजांडाचं पांघरूण पानासारखं होतं. आपल्यासारखंच.”

“आपल्यासारखंच म्हणजे? आपण आधी बघितलं होतं.”

“आपण बघितलं. दाखवलं कुठे?” त्या हसत होत्या. खरंच आनंद झाला होता त्यांना, दुसऱ्याच्या हाती लागलं म्हणून खंत नव्हती. मग वाफ्याकडे बघितलं. “आपला हुकूम तोच की दुसरा, ते आता ताडून बघता आलं असतं. पानवाली हवी होती.”

त्यानंतर त्यांनी वाफ्यांबद्दल माझ्याकडे फार बोलणं काढलं नाही. निवृत्त झाल्या. गिरगावच्या गॅलरीत डब्यांतून तेरडा लावत राहिल्या. मी रविवारी जायचो, दोरे बांधायला. कशाला बांधायचो ते आता विचारू नका.

शेवटी त्या परळच्या हॉस्पिटलात होत्या. पावसाळा होता. मी रुमालात चार बोंडं नेली. त्यांच्या हातात जोर नव्हता. म्हणाल्या, “तुम्ही बघा.” मी बोंडाला नख लावलं आणि ते फुटलं. बिया पांढऱ्या चादरीवर उडाल्या, एक त्यांच्या गळ्यापाशी जाऊन पडली. भिंग तिथे नव्हतं, नर्सने काढून ठेवलं होतं.

“बी आहे,” मी म्हणालो.

“बरं,” बाई म्हणाल्या.

नंतर मी गिरगावला गेलो तेव्हा गॅलरी रिकामी होती. डबे कुणीतरी काढून टाकले होते, त्यांचे गोल डाग फरशीवर राहिले होते.

गेल्या भाद्रपदात मी गावाला होतो. पायाने आता फार चालवत नाही, पण शेजारच्या वाडीत चाळीतल्या त्या वहिनीचं घर आहे, तिला भेटायला गेलो. ती माझ्याएवढीच म्हातारी झालीय. चहा झाला. मागच्या परड्यात तेरडा फुललेला होता, गडग्यापर्यंत. बसल्या जागी हात चाळवतात म्हणून मी बोंडं चिरत गेलो. बी. बी. मग एक झाड होतं, गुलाबी, भरगच्च. त्याचं बोंड हाताला मऊ लागलं. चिरलं. भिंग नाही माझ्याकडे आणि डोळेही अधू झालेत. उजेडात धरलं.

पानं होती. इवली, मुडपलेली.

मी वहिनीला हाक मारली. “ह्यो तेरडो खंयचो?”

“ह्यो?” तिला आठवायला वेळ लागला. “त्या बायन मागितल्यान हुता मा, पाटावरचा बी? ता पदराक बांधून हाडलंय. ठेवतंय म्हणान सांगललंय तिका. वाट बघलंय. न्हेवक कोण इलोच नाय, मगे परड्यात टाकलंय.”

खांद्यावरच्या पंच्याचा काठ लाल होता, त्यातला एक धागा ओढून काढला. पानवालीला बांधून उपयोग नसतो. तिच्या बाजूच्या झाडाला बांधला, साच्यावरची गाठ मारून. पोटात काय आहे ते वरून कळत नाही, म्हणून त्याच्या पलीकडच्यालाही बांधायला हवा होता. मी दुसरा धागा ओढला.

वहिनी दारात उभी राहून बघत होती.

“आता कोण येतला न्हेवक?” ती म्हणाली.

मी गाठ मारत होतो.